काम चालू आहे, पण तिकीट अडलंय कुठे?

वाचकांचे प्रश्न : आयटीतलं रोजचं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या टीममधलं काम उशिरा होतंय हे तुम्हाला सगळ्यात आधी कुठून कळतं. बऱ्याच जणांचं उत्तर एकच आलं, क्लायंटच्या मेलवरून. हसू नका, खरंच. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत. तिकीट म्हणजे टीमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेलं एक काम, एवढं नवख्यांनी लक्षात ठेवा. नावं कुणाचीच छापत नाही, कारण दोघांतिघांनी तशी विनंती केली होती आणि बाकीच्यांनी केली नसली तरी त्यांचे मॅनेजरही वाचतच असणार.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमचं काम मार्गी लावणं माझ्याकडे. नऊ जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक टप्पा). स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, सगळे म्हणतात चालू आहे, उद्यापर्यंत होईल, आणि बर्नडाउन, म्हणजे उरलेल्या कामाचा आलेख, मात्र आठव्या दिवसापर्यंत आडवा आणि शेवटच्या दोन दिवसांत धाडकन खाली. तरी पाचसहा स्टोऱ्या (छोटी छोटी कामं) पुढच्या स्प्रिंटमध्ये जातातच. रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट संपल्यावरच्या आढाव्यात, मॅनेजर विचारतात की नक्की उशीर कुठे होतो, तर मी काय सांगू? जिरात (कामाची नोंद ठेवायचं आमचं सॉफ्टवेअर) इतके रिपोर्ट आहेत, त्यातला कुठला उघडू?

उत्तर : आधी बर्नडाउन मिटवा. वाईट नाहीये तो, पण त्याला एवढंच कळतं की तिकीट शेवटच्या कॉलममध्ये पोचलं का. जिरात बोर्डाच्या, म्हणजे कामाचे टप्पे कॉलमांत मांडलेल्या फळ्याच्या, सगळ्यात उजव्या कॉलममध्ये गेल्याशिवाय पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचे आकडे, उतरतच नाहीत, त्यामुळे आठ दिवस आडवी रेघ दिसते तेव्हा टीम झोपलेलीही असू शकते आणि मरमर राबत असूनही सगळं काम मधेच कुठेतरी तुंबलेलंही असू शकतं, चित्र दोन्हीचं सारखंच येतं. तुमच्या पत्रावरून तरी मला दुसरंच वाटतंय.

तर क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम उघडा. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते रंगीत पट्ट्यांचं डोंगरासारखं काहीतरी वाटतं आणि बहुतेक जण तिथेच टॅब बंद करतात. वाचायला सोपं आहे. आडव्या अक्षावर तारखा, उभ्यावर तिकिटांची संख्या, प्रत्येक कॉलमचा एक रंग. पट्टीची जाडी म्हणजे त्या दिवशी त्या कॉलममध्ये किती तिकिटं पडून होती. पट्ट्या साधारण एकाच जाडीच्या राहून वर चढत गेल्या तर ठीक चाललंय. मधली एखादी पट्टी फुगत गेली आणि तिच्या खालची डनची (संपलेल्या कामाची) पट्टी सपाट झाली, तर काम त्या फुगलेल्या कॉलममध्ये अडतंय. बस्, एवढंच बघायचं. एक लक्षात ठेवा, हा रिपोर्ट आपोआप बोर्डाच्या जन्मापासूनचं सगळं दाखवतो आणि दोन वर्षांच्या डनच्या ढिगाखाली हल्लीची गोष्ट दिसेनाशी होते, म्हणून वरून तारखा बदलून मागच्या दीडदोन महिन्यांपुरतंच बघा.

आता यात एक मेख आहे. तुमच्या बोर्डावर टू डू, इन प्रोग्रेस आणि डन असे तीनच कॉलम असतील तर हा रिपोर्ट तुम्हाला काहीही सांगणार नाही, कारण सगळं इन प्रोग्रेसच्या पोटात जातं. रिव्ह्यूची (दुसऱ्याने कोड तपासण्याची) वाट बघणं, स्टेजिंगची (चाचणीच्या सर्व्हरची) वाट बघणं, पीओच्या (प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय हवंय ते ठरवणारा, त्याच्या) उत्तराची वाट बघणं, सगळं इन प्रोग्रेस! म्हणून आधी वाट बघण्याचे कॉलम वेगळे काढा. कोड रिव्ह्यू वेगळा, रेडी फॉर क्यूए (टेस्टिंगसाठी तयार) वेगळा, टेस्टिंग वेगळा. काम चालू असणं आणि कामाची पाळी यायची असणं या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात, माझ्या मते बोर्डाचा निम्मा उपयोग तिथेच आहे. मात्र उत्साहाच्या भरात चौदा कॉलम करू नका, लोक तिकीट हलवायचंच सोडून देतात.

चित्रावरून कॉलम कळला की मग त्या कॉलममधून गेलेली चारपाच तिकिटं उघडायची आणि खाली हिस्टरी टॅब असतो तो वाचायचा. कुणी कधी स्टेटस बदललं हे तारीख-वेळेसकट तिथे असतं. समजा रिफंड बटणाचं एक तिकीट आहे. सोमवारी सकाळी अकराला डेव्हलपरने घेतलं. मंगळवारी संध्याकाळी पाचला कोड झाला, पुल रिक्वेस्ट (कोड तपासून सामील करायची विनंती) टाकली, तिकीट कोड रिव्ह्यूत. बुधवारी काही नाही. गुरुवारीही काही नाही. शुक्रवारी चारला रिव्ह्यू करणाऱ्याने वीस मिनिटं बघून दोन कॉमेंट टाकल्या, आणि शुक्रवारी चारनंतर कोण काय करतंय, डेव्हलपरने सोमवारी अर्ध्या तासात दुरुस्त केलं. मंगळवारी ॲप्रूव्ह. मग रेडी फॉर क्यूएमध्ये गुरुवार संध्याकाळपर्यंत, कारण स्टेजिंगवर दुसऱ्या टीमचा बिल्ड चढवलेला होता. टेस्टरने घेतल्यावर तासाभरात पास केलं, शुक्रवारी डन. सोमवार ते पुढचा शुक्रवार म्हणजे कामाचे १० दिवस गेले. आणि तिकिटाला प्रत्यक्ष कुणाचा तरी हात लागला तो वेळ धरला तर जेमतेम दोन दिवस. उरलेले आठ दिवस ते तिकीट नुसतं बसलं होतं.

स्टँडअपला सगळे चालू आहे म्हणतात ते खोटं बोलत नाहीत बरं का. रिव्ह्यू अडकला म्हणून त्या डेव्हलपरने बुधवारी दुसरं तिकीट घेतलं, गुरुवारी तिसरं, त्याचं काम चालूच आहे. बंद आहे ते तिकीट. म्हणून स्टँडअपला माणसांना फिरून विचारण्याऐवजी बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरू करा आणि एकेका तिकिटावर विचारा की हे पुढे जायला काय हवंय. पहिले दोन दिवस लोकांना विचित्र वाटेल.

आणि रेट्रोत मॅनेजरना रिपोर्टचा स्क्रीनशॉट दाखवू नका, अशा एका तिकिटाची तारीखवार गोष्ट सांगा. स्टेजिंग दोन टीमना एकच आहे हे त्या गोष्टीतून जितकं टोचतं तितकं रंगीत पट्ट्यांतून टोचत नाही, आणि दुसरं स्टेजिंग द्यायचं की नाही हा निर्णय शेवटी त्यांच्याच हातात आहे ना.

प्रश्न : मी नागपूरला डिलिव्हरी लीड आहे. आमचा सरासरी सायकल टाइम, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, ६ दिवस आहे, दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये तो हिरव्या रंगात जातो, तरी क्लायंट म्हणतो तुमचं काही वेळेवर येत नाही. सोबत मागच्या महिन्यातल्या २० तिकिटांचे दिवस पाठवतोय. यात आमचं चुकतंय काय?

उत्तर : तुमचे आकडे चढत्या क्रमाने लावले तर असे येतात : १, १, २, २, २, २, ३, ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ८, ११, १९, ३२. बेरीज १२०, भागिले २०, सरासरी ६. गणित बरोबर आहे तुमचं. पण आकड्यांकडे नीट बघा, निम्मी तिकिटं तीन दिवसांत किंवा त्याच्याही आधी संपलीत आणि ६ हा आकडा वर गेलाय तो शेवटच्या तिघांमुळे. म्हणजे नेहमीचं तिकीट किती वेळ घेतं हे पण ६ सांगत नाही आणि वाईटात वाईट काय होतं तेही सांगत नाही. क्लायंटच्या डोक्यात मात्र ३२ दिवसांचं तिकीटच बसलंय, साहजिक आहे, तुमच्याआमच्याही डोक्यात तेच बसलं असतं.

क्लायंटला सांगायचं तर असं सांगा की आमची वीसपैकी सतरा तिकिटं आठ दिवसांच्या आत होतात. पंच्याऐंशी पर्सेंटाइल म्हणतात ते हेच, शंभरातली पंच्याऐंशी ज्या आकड्याच्या आत येतात तो आकडा. एक्सेलचं पर्सेंटाइल फंक्शन लावलंत तर उत्तर साडेआठच्या आसपास येईल, ते दोन आकड्यांच्या मधली किंमत काढतं म्हणून, त्यावरून मीटिंगमध्ये वाद घालत बसू नका. आणि हे आठ दिवस म्हणजे वचन नाही हेही बोलून ठेवा, तीन तिकिटं बाहेर जाणारच आहेत, फक्त ती कुठली हे लवकर कळलं पाहिजे.

ते कळायचं कसं, तर इथे बहुतेकांचं लक्ष जात नाही. सायकल टाइमचा रिपोर्ट, म्हणजे जिरातला कंट्रोल चार्ट, हा संपलेल्या तिकिटांचाच असतो. जे तिकीट १४ दिवस झाले टेस्टिंगमध्ये लोळतंय ते त्या चार्टवर नाहीच, ते उगवणार ३२व्या दिवशी संपल्यावर, तोपर्यंत क्लायंटचा मेल येऊन गेलेला असतो. म्हणून दर सोमवारी उघड्या तिकिटांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर काम सुरू झाल्यापासून किती दिवस झाले ते लिहा. तुमची रेघ आठची आहे. एखादं तिकीट सहाव्या दिवशी अजून डेव्हलपमेंटमध्येच असेल तर त्यावर त्याच दिवशी बोला. काही बोर्डांवर कार्डाच्या कोपऱ्यात छोटे ठिपके दाखवायची सोय असते, तिकीट त्या कॉलममध्ये पडून राहील तसे ते वाढत जातात, ती चालू करा, मला त्या सगळ्या टूलमध्ये ही एवढीशी गोष्ट सगळ्यात कामाची वाटते.

आणखी दोन बारीक गोष्टी. कंट्रोल चार्टमध्ये कुठले कॉलम मोजायचे ते निवडता येतं, कुणीतरी बॅकलॉगपण (अजून हातात न घेतलेली कामं) धरून ठेवला असेल तर आकडे भलतेच मोठे येतात आणि रिव्ह्यू सोडून दिला असेल तर उगाच छान येतात, ते एकदा तपासा. आणि बोर्डाच्या सेटिंगमध्ये सुट्ट्या टाकायची सोय आहे, दिवाळीच्या आठवड्यात सगळा चार्ट चढलेला दिसला म्हणून कुणी घाबरायला नको.

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरातून वर्क फ्रॉम होम करतो, डेव्हलपर आहे, तीन वर्षांचा अनुभव. आमच्या मॅनेजरने आता नवीन काढलंय, दर शुक्रवारी कॉलवर प्रत्येकाच्या नावापुढे किती तिकिटं आणि किती दिवस ते दाखवतात. माझं नाव कायम खाली. मी पेमेंटचं जुनं मॉड्यूल बघतो, तिकडं कुणी हातसुद्धा लावत नाही. आता सगळे एका तिकिटाची चार तिकिटं करायला लागलेत. मी पण करू काय? सांगा की.

उत्तर : करू नकोस असं म्हणायला मला सोपं आहे, शुक्रवारी कॉलवर मी नसते. पण काय होणार ते तुला दिसतंयच. चार्ल्स गुडहार्ट नावाचे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, बँक ऑफ इंग्लंडमध्ये काम केलेले, त्यांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, त्याचा साधा अर्थ असा की एखाद्या आकड्यावरच माणसांना हाकायला लागलात की तो आकडा खरं सांगायचं सोडतो. तुमच्या टीमचं आता तेच झालंय. सहा महिन्यांनी तिकिटांची संख्या चौपट दिसेल आणि रिलीज जिथल्या तिथे.

वर हिंजवडीच्या पत्राला जे लिहिलंय ते तुलाही लागू आहे. तिकिटाचे दहापैकी आठ दिवस वाट बघण्यात जात असतील तर ते दिवस डेव्हलपरच्या नावावर का लावायचे? रिव्ह्यू अडकला दुसऱ्याकडे, स्टेजिंग अडकलं तिसऱ्याकडे आणि असाइनीच्या रकान्यात नाव तुझं.

तर असं कर. तुझी मागची पाचसहा तिकिटं घे, प्रत्येकाची हिस्टरी बघून दोनच आकडे काढ, माझ्याकडे काम चालू होतं ते किती दिवस आणि दुसऱ्या कशाची तरी वाट बघत होतो ते किती दिवस. कुणाचं नाव लिहू नकोस, कशाची वाट ते लिही. टेस्ट डेटा, बँकेच्या सँडबॉक्सचा (चाचणीसाठीच्या सिस्टिमचा) ॲक्सेस, रिव्ह्यू, असं. आणि शुक्रवारच्या कॉलवर सगळ्यांसमोर काढू नकोस, आधी वन टू वनमध्ये दाखव, चारचौघांत आकडे काढले की माणूस ऐकायचं सोडून बचाव करायला लागतो. सूर तक्रारीचा नको, सर सँडबॉक्सचा ॲक्सेस मिळाला तर माझे प्रत्येक तिकिटाचे इतके दिवस वाचतात, असा ठेव. ज्या दिवशी अडतोस त्याच दिवशी तिकिटावर फ्लॅग लाव आणि कॉमेंटमध्ये कारण लिही, नंतर आठवून लिहिलेल्याला कुणी विचारत नाही.

तिकिटं फोडण्याबद्दल म्हणशील तर मोठं काम खरंच छोट्या तुकड्यांत करता येत असेल आणि प्रत्येक तुकडा वेगळा टेस्ट होऊन जात असेल तर जरूर फोड, त्याने सगळ्यांचंच बरं होतं. एक बटण, एक लेबल, एक रंग अशी तीन तिकिटं मात्र नकोत. आणि एवढं सगळं करूनही नाव खालीच राहिलं आणि तुझे आकडे कुणी वाचलेच नाहीत, तर तीन वर्षांत जुनं पेमेंट मॉड्यूल एकट्याने सांभाळलंय हे रेझ्युमेवर चांगलं दिसतं हो.

प्रश्न : मी टेस्टर आहे, पुणे. क्युम्युलेटिव्ह फ्लो का काय तो रिपोर्ट आमच्याकडे लावला आणि त्यात टेस्टिंगची पट्टी सगळ्यात जाडी निघाली. झालं, आता सगळे म्हणतात क्यूएमुळे उशीर होतो. आम्ही तिघी आहोत, डेव्हलपर अकरा. आता मॅनेजमेंट म्हणते दोन डेव्हलपर आणखी घेऊ म्हणजे स्पीड वाढेल.

उत्तर : पट्टी जाडी दिसतेय म्हणजे टेस्टिंगपाशी ढीग साठलाय, एवढंच त्या चित्रातून कळतं. ढीग कुणी केला हे कळायला वरून किती येतंय आणि खाली किती जातंय हे दोन्ही मोजावं लागेल.

जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांबद्दलचं एक गणित सिद्ध केलं. रांगेतल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे दिवसाला सरासरी किती येतात गुणिले प्रत्येक सरासरी किती वेळ थांबते. तुमच्यापुरतं सांगायचं तर समजा टेस्टिंगच्या कॉलममध्ये २४ तिकिटं पडलीत आणि तिघी मिळून दिवसाला ३ संपवताय, तर आज आलेल्या तिकिटाला साधारण ८ दिवस लागणार. वेग दिवसाला ३चाच राहिला तर कॉलममधली संख्या उतरत नाही तोवर तो आकडा उतरणार नाही, आणि वरून दिवसाला ४ येत असतील तर तो रोज वाढतच जाणार. आता यात दोन डेव्हलपर वाढवा! वाकडच्या पुलावर जाम लागलाय आणि मागून हिंजवडीतून आणखी गाड्या सोडायच्या, असला प्रकार आहे हा. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अवाढव्य प्रोजेक्ट सांभाळल्यावर १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. अर्धं शतक झालं. तरी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये ही आयडिया नव्याने निघते.

तुम्ही दोन गोष्टी मोजा. पहिली, तिकिटं तुमच्याकडे कुठल्या वारी येतात. बऱ्याच टीममध्ये स्प्रिंटच्या दुसऱ्या बुधवारपर्यंत क्यूए रिकामी आणि गुरुवारी दुपारनंतर एकदम दहाबारा तिकिटं अंगावर, तसं असेल तर पट्टीचा आकारच ते सांगेल, ती हळूहळू फुगणार नाही, एका दिवसात उभी उडी मारेल. दुसरी, किती तिकिटं परत जातात. टेस्टिंगमधून पुन्हा इन प्रोग्रेसमध्ये गेलेली तिकिटं फिल्टर लावून काढता येतात. निम्मी तिकिटं एकदा तरी परत जात असतील तर तुम्ही तिघी एकच काम दोनदा करताय आणि त्याचं कारण टेस्टिंगच्या आधी आहे.

मग मागणी काय करायची, तर टेस्टिंगच्या कॉलमला मर्यादा घाला. समजा सहाची. सहा भरली की सातवं तिकीट आत येणार नाही, डेव्हलपरने नवीन काम उचलायचं नाही, आधी असलेलं पुढे सरकवायला मदत करायची, ऑटोमेशन लिहा, टेस्ट डेटा तयार करा, स्वतःचं सोडून दुसऱ्याचं तिकीट टेस्ट करा. डेव्हलपर कुरकुरतील, आम्ही काय टेस्टर आहोत का असं म्हणतील. मॅनेजरला ते पटवायला जड जाईल कारण त्यात अकरा माणसं थोडा वेळ मोकळी दिसतात आणि मोकळा बिलेबल (क्लायंटकडून ज्याचे पैसे मिळतात असा) माणूस बघितला की कुणाच्याही पोटात गोळा येतो, पण तेवढा दम धरावाच लागतो.

प्रश्न : आमच्याकडे क्लायंट प्रत्येक बारीकसारीक चेंज रिक्वेस्टचं एस्टिमेट, म्हणजे किती वेळ लागेल त्याचा अंदाज, मागतो. सीनियर लोकांचे आठवड्यातले दीडदोन दिवस त्यातच जातात. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण एस्टिमेटचं तिकीटच नसतं. कसं दाखवायचं?

उत्तर : तिकीट काढा. एवढंच करायचंय खरं तर, पण यावरचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२००४-०५च्या सुमाराची गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या आयटी खात्याची एक छोटी टीम होती, कंपनीच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक बदल करून द्यायचं काम, आणि प्रत्यक्ष काम करणारे डेव्हलपर आणि टेस्टर हैदराबादेत. रिक्वेस्ट टाकल्यापासून काम हातात पडेपर्यंत पाचेक महिने जायचे. टीमचं नाव इतकं खराब झालेलं की कुणी मॅनेजर व्हायला तयार नव्हतं. द्रागोश दुमित्रिउ नावाच्या माणसाने ती घेतली आणि डेव्हिड अँडरसन, जे पुढे सॉफ्टवेअरमधल्या कानबानसाठी (हातातल्या कामाला मर्यादा घालून काम पुढे सरकवायची पद्धत) नावाजले गेले, त्यांच्याबरोबर बसून काम कुठून कुठे जातं हे नुसतं मांडून बघितलं. तर सापडलं काय, की येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टचं एस्टिमेट लगेच द्यायचं असा नियम, त्यासाठी डेव्हलपर आणि टेस्टर दोघं हातातलं काम टाकून बसायचे, टीमच्या ताकदीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्यातच जायचा, आणि एस्टिमेट केलेल्या बऱ्याच रिक्वेस्ट पुढे कधी केल्याच जायच्या नाहीत!

त्यांनी एस्टिमेट बंद केली. सरसकट. एका वेळी हातात किती काम घ्यायचं याला मर्यादा घातली, आणि पुढे काय उचलायचं ते रिक्वेस्ट देणाऱ्यांना आपसात ठरवायला लावलं. तीन डेव्हलपर तीन टेस्टर होते, काही महिन्यांनी कामाचा प्रवाह बघून चार आणि दोन केले. नऊएक महिन्यांत पाच महिन्यांचा उशीर दोन आठवड्यांच्या आसपास आला, पुढे थोडी माणसंही वाढवली, पण त्यातला बराचसा फरक त्याआधीच पडला होता. वरच्या पुण्याच्या टेस्टरताईंनी टेस्टर कमी केल्याचं वाचून दचकू नये, तिथे टेस्टर मोकळे बसत होते, तुमच्याकडे उलटं आहे.

तुमचा क्लायंट एस्टिमेट एकदम बंद करू देणार नाही, मान्य. पण एक महिना प्रत्येक एस्टिमेटचं तिकीट काढा, त्यावर लागलेले तास टाका, आणि महिन्याच्या शेवटी यापैकी किती रिक्वेस्टना नंतर हो मिळालं ते समोर लिहा. दोन रकान्यांचा कागद. मग क्लायंटला विचारा की एक-दोन दिवसांखालच्या कामाचं एस्टिमेट न देता नुसतं छोटं, मधलं, मोठं असं सांगितलं तर चालेल का. पैसे त्यांचेच जातायत, कागद बघितल्यावर बहुतेक जण ऐकतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत क्लायंटच्या बाजूने कोऑर्डिनेटर आहे, टीम पुण्यात. इथले लोक म्हणतात ऑफशोअर (भारतातली टीम) स्लो आहे. रिपोर्टमध्येही तिकडचेच दिवस जास्त दिसतात. काय खरं?

उत्तर : नीड्स क्लॅरिफिकेशन असा एक वेगळा स्टेटस काढा आणि महिनाभर थांबा. उन्हाळ्यात तुमच्या-आमच्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. गुरुवारी संध्याकाळी पाचला पुण्याच्या मुलीने प्रश्न टाकला, तुमच्याकडच्या पीओने सकाळी अकराला उत्तर दिलं, तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ. ती बघणार शुक्रवारी. त्या उत्तरातून एक उपप्रश्न निघाला, पुन्हा तेच, आणि उत्तर वाचायला सोमवार उजाडला. दोन छोट्या प्रश्नांत वीकेंडसकट चार दिवस गेले आणि तिकिटावर असाइनी पुण्याचीच, मग रिपोर्ट दुसरं काय दाखवणार? नवीन स्टेटस लागला की हे दिवस वेगळे पडतील आणि त्यातले तुमच्या बाजूचे किती तेही कळेल. पीओला रोज सकाळी आल्याआल्या, म्हणजे पुण्यातले लोक लॉग ऑफ व्हायच्या आधी, पंधरा मिनिटं फक्त हेच प्रश्न बघायला बसवता आलं तर बघा. तुमच्या ओळखीचा असेल तर चहा पाजून बसवा.

प्रश्न : आमची पणजीत चार जणांची टीम, हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. जिरा वगैरे काही नाही, एक एक्सेल शीट आहे. हे सगळे रिपोर्ट आम्हाला लागतात का?

उत्तर : नाही. शीटमध्ये तीन तारखा टाका, काम सुरू केलं, आपल्याकडून संपलं, आणि हॉटेलवाल्याने वापरायला घेतलं. तिन्हींची वजाबाकी करून लाल-हिरवा रंग लावला की तुमचा रिपोर्ट झाला. माझा अंदाज असा की पहिल्या दोन तारखांत फारसं अंतर निघणार नाही आणि दुसरी-तिसरीत बरंच निघेल, कारण सीझनला कुठलाही हॉटेलवाला नवीन व्हर्जन लावू देत नाही. तसं निघालं तर डिसेंबरमध्ये द्यायची कामं ऑक्टोबरच्या आत त्यांच्या गळ्यात मारा, आणि शीट भरायचं काम चौघांपैकी एकालाच द्या, चौघांनी मिळून भरायची शीट पंधरा दिवसांत बंद पडते.